नौकांची पावसाळी छावणी

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेले गाव. समुद्र येथून कित्येक मजल दूर, आणि वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर जो काही पाऊस पडेल तेवढ्यावर खरीप आणि रब्बी दोन्ही निभावून न्यायची. अशा गावच्या वाचकांपुढे होड्या पावसाळ्यात कशा झाकून ठेवतात हा विषय मांडावासा वाटतो, याचे कारण त्यातील मर्म येथील व्यापाऱ्यास निराळे समजावून सांगावे लागणार नाही. तोडून आणलेली ओली मिरची वारा न लागणाऱ्या पोत्यात दाबून भरली, तर वरून पावसाचा थेंबही न पडता ती आपल्याच उष्म्याने नासते, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि पाणी लागू नये म्हणून चहूबाजूंनी आवळून बांधलेल्या लाकडी नौकेची गत याहून फारशी वेगळी होत नाही.

कोकणात मृगाच्या आगेमागे नैर्ऋत्येचा वारा सुटला, की समुद्राचे रूप पालटते, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात पुढील चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याच्या आधारे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागू होते, ती काही अंशी माशांच्या विणीच्या हंगामासाठी आणि काही अंशी माणसांच्या जिवासाठी. त्यामुळे सातपाटीपासून मालवणापर्यंत मे महिन्याच्या उत्तरार्धात एकच लगबग उडते: नौका किनाऱ्यावर ओढायच्या, आणि शाकारायच्या.

ही व्यवस्था कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. दर्या खवळण्यापूर्वीच काही दिवस आरमार छावणीस लावावे, जागा उघड्या समुद्रावरची नसावी, किल्ल्याचा आश्रय असावा आणि दरसाल एकच बंदर धरू नये, असा त्याचा आशय. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडक खोदून केलेली मराठ्यांची आरमारी गोदी आजही पाहावयास मिळते. खाडीचे वळण आणि डोंगराची पाठ यांचा आडोसा पाहिला, म्हणजे जागा निवडणाऱ्यांनी वाऱ्याचा केवढा अभ्यास केला होता हे ध्यानात येते. हर्णैचे बंदर उघडे असल्याने तेथील नौका आंजर्ल्याच्या खाडीत आश्रयास जातात, तेही याच न्यायाने. ‘दर्या खवळण्यापूर्वी’ या अटीचे मोल मे २०२१ मध्ये पुन्हा एकदा कळून आले. तौक्ते चक्रीवादळ १६ व १७ मे रोजी, म्हणजे बंदीची तारीख उजाडण्याच्या पंधरवडाभर आधीच, कोकण किनाऱ्याजवळून पुढे गेले.

भरतीचा मुहूर्त साधून, गोल ओंडक्यांवरून वा हल्ली यंत्राच्या साहाय्याने, नौका भरतीरेषेच्या वर घेतली, की तिला वाळूवर तशीच टेकवून चालत नाही. तळाच्या कण्याखाली ठिकठिकाणी ठोकळे देऊन भार वाटावा लागतो आणि दोन्ही अंगांना टेकू लावावे लागतात. नाहीतर एरवी पाण्याने सर्व बाजूंनी तोललेले ते वजन एकाच जागी येऊन फळ्या सुटतात. जाळी, दोर, शीड, नांगर, बॅटऱ्या हा सारा सरंजाम उतरवून घरी जातो. मग तळाशी असलेले बूच काढायचे, आणि नौका त्या भोकाकडे किंचित उतरती राहील असे ठोकळे सारायचे. हे काम क्षणाचे असले तरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. कारण आच्छादन कितीही उत्तम असले तरी कोकणच्या पावसात थोडे पाणी आत शिरणारच, आणि शिरलेल्या पाण्यास वाट नसेल तर होडीचा हौद होतो.

प्रत्यक्ष शाकारणी म्हणजे नौकेवर तात्पुरते घरच उभारणे. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत मधोमध एक उंच वासा आढ्यासारखा बांधायचा, त्यावरून दोहों बाजूंस बांबूच्या कामट्या सोडायच्या, आणि त्यांवर नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप खालून वर, एकावर एक चढवीत, सुंभाने आवळायचे. उतार खडा हवा. सपाट ताडपत्रीवर पाणी साचते आणि त्या ओझ्याने ती आधी लोंबते व मग फाटते. आच्छादन काठाच्या बाहेर हातभर उतरलेले असावे, म्हणजे पागोळ्या फळ्यांवर न पडता वाळूत पडतात. दोर वाळूतल्या मेखांना बांधण्यापेक्षा नौकेच्या तळाखालून घेऊन पलीकडे बांधलेला अधिक विश्वासाचा. मेखा पहिल्याच मोठ्या पावसात ढिल्या होतात.

हल्ली झापांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो स्वस्त आहे, भराभर अंथरता येतो आणि पाणी मुळीच झिरपू देत नाही. परंतु झापांतून जो वारा खेळत असे तो त्यातून खेळत नाही. लाकडातील ओलावा साधारणतः २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की कुजविणाऱ्या बुरशीस मुबलक संधी मिळते. शिवाय खाऱ्या पाण्यात मुरलेले लाकूड बुरशीस सहसा दाद देत नाही, मात्र पावसाचे गोडे पाणी त्यातील मीठ धुऊन नेते आणि ते संरक्षण संपते. म्हणून जाणता तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, कागद अंथरला तरी नाळेकडे व पिछाडीकडे तोंड उघडे ठेवतो, आणि पाऊस उघडला की एक बाजू वर गुंडाळून आत वारा घेतो. किनाऱ्यावरच्या मुक्कामाचा एक लाभही आहे: समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा शिंपल्याच्या कुळातील जीव इतके दिवस पाण्याबाहेर तग धरू शकत नाही.

फायबरच्या नौकांना कुजण्याचे भय नाही, त्यांना उन्हाचे आहे. इंजिनाला मात्र सर्वत्र सारखीच निगा लागते. त्यातील खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढायचे, आणि डिझेलची टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत नौकांचा हा विश्रांतिकाळ हिवाळ्यात येतो. तेथे शत्रू हिम; पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचे बीड तडकते, म्हणून पाण्याचा अंश न् अंश काढून टाकतात. तेथेही आढे, खडा उतार आणि वाऱ्याचे झरोके यांची तजवीज आपल्यासारखीच असते.

शाकारणी उतरविल्यावर लगेच नौका लोटणे हिताचे नसते. दोन महिन्यांत फळ्या आकसून सांधे उघडतात; कारागीर बोथट टोच्याने फळी न् फळी टोचून पाहतो, मऊ लागली तर बदलतो, सांध्यांत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकतो, आणि मग खारे पाणी शिंपून लाकूड फुगू देतो. या कामास सवड हवी, आणि सध्याच्या मुदतीत ती अपुरी पडते असे मला वाटते. पूर्वी बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोवर असे. आता १ ऑगस्टलाच समुद्र खुला होतो, मग पौर्णिमा पंधरा-वीस दिवस दूर का असेना, आणि शेजारची नौका निघाली की आपलीही घाईने काढावी लागते. मुदत वाढवावी ही अनेक मच्छीमारांची मागणी माशांच्या विणीसाठी जितकी रास्त आहे, तितकीच नौकांच्या डागडुजीसाठीही.