घरच्या घरी झटपट ‘पॅड थाय’: हलाल-हरामची चिंता न करता

मुलांना हल्ली बिर्याणीइतकेच नूडल्सचे वेड आहे. त्यातही ‘पॅड थाय’ हे नाव मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर सर्रास दिसते. मुलं हट्ट धरतात आणि आई-वडील अडतात, कारण एकच. आत काय काय पडले असेल? चिकन कुठले? त्याच कढईत आधी डुकराचे मांस तर परतले नसेल? ही शंका अगदी रास्त आहे. थायलंडमध्ये काही ठिकाणी हा पदार्थ डुकराच्या चरबीतही परततात. म्हणूनच हा पदार्थ घरी करणे उत्तम. भिजवण्याचा वेळ सोडला तर पंधरा-वीस मिनिटांचेच काम आहे.

हा पदार्थ आला कुठून?

तांदळाच्या नूडल्स परतण्याची पद्धत चिनी लोकांनी थायलंडमध्ये नेली. १९३८ साली पंतप्रधान झालेल्या फिबुनसोंगख्राम यांच्या काळात १९३९ मध्ये ‘सियाम’चे ‘थायलंड’ झाले आणि याच सरकारने हा पदार्थ राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणला. चव मात्र अस्सल तिथलीच आहे: चिंचेचा आंबटपणा, ताडगुळाचा गोडवा आणि माशाच्या सॉसचा खारटपणा.

थायलंड बौद्धबहुल देश असला तरी दक्षिणेकडच्या पट्टानी, याला, नराथिवात या प्रांतांत मुस्लिम बहुसंख्य आहेत. ते बहुतांश शाफई मसलकाचे, म्हणजे आपल्या कोकणी मुस्लिमांसारखेच. त्यामुळे थाई जेवण म्हणजे हराम, असे सरसकट समजू नये.

काय तपासायचे?

*फिश सॉस:* छोटे मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून हा करतात. मासळीला जबिहा लागत नाही, त्यामुळे मुळात अडचण नाही. तरी बाटलीवरचे घटक वाचावेत. थायलंडहून येणाऱ्या मालावर सेंट्रल इस्लामिक कौन्सिल ऑफ थायलंडचे चौकटच्या आकारातले हलाल चिन्ह असेल तर उत्तम.

*ऑयस्टर सॉस:* हा कालवांपासून बनतो. शाफई मसलकात चालतो, हनफी मसलकात मासळीखेरीज इतर समुद्री जीव चालत नाहीत. पॅड थायला त्याची गरजही नाही, तेव्हा वगळा.

*कोळंबी:* शाफईंना हलाल. हनफी उलेमांत मात्र मतभेद आहेत. कोळंबी मासळीत मोडते की नाही, हाच मूळ प्रश्न. आपल्या घरात ज्या आलिमांचे ऐकता, त्यांचेच ऐका.

*सोया सॉस:* मुरवून केलेल्या सोया सॉसमध्ये थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते, काहींत वरून घालतात. ‘अल्कोहोल’ लिहिले असेल तर ती बाटली परत ठेवा.

एक लक्षात घ्या: पाकिटावरची हिरवी खूण फक्त शाकाहाराची असते. अल्कोहोल आहे की नाही, हे ती सांगत नाही.

साहित्य (दोघांसाठी)

- तांदळाच्या चपट्या नूडल्स १५० ग्रॅम
- चिंचेचा घट्ट कोळ ३ मोठे चमचे
- किसलेला गूळ ३ मोठे चमचे
- फिश सॉस २ मोठे चमचे
- सोललेली कोळंबी किंवा हलाल चिकनचे पातळ तुकडे १५० ग्रॅम
- अंडी २, लसूण ४ पाकळ्या, छोटा कांदा १
- मोड आलेले मूग १ वाटी, कांद्याची पात, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, लिंबू, लाल तिखट, तेल
- असल्यास मूठभर सुकट (थाई लोकही सुकवलेली कोळंबी घालतात)

कृती

१. नूडल्स साध्या पाण्यात ३०-४० मिनिटे भिजवा. वाकतील, पण आत थोड्या कडक राहतील अशा हव्यात. उकळू नका, नाहीतर कढईत लगदा होतो.

२. कोळ, गूळ, फिश सॉस मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत गरम करा. चव आंबट, गोड, खारट अशी तिन्ही बाजूंनी ठसठशीत लागली पाहिजे.

३. कढई चांगली तापवून तेलात कोळंबी किंवा चिकन शिजवून बाजूला काढा. मग कांदा, लसूण, सुकट परता.

४. नूडल्स, सॉस आणि पाण्याचा हबका घालून मोठ्या आचेवर २-३ मिनिटे हलवा. कडक वाटल्या तर आणखी एक हबका.

५. नूडल्स एका बाजूला सारून अंडी फोडा, थोडी बसली की मिसळा. कोळंबी, मूग, पात, निम्मा कूट घालून लगेच उतरवा.

वरून उरलेला कूट, तिखट आणि लिंबाची फोड. घर मोठे असेल तर दोघा-दोघांपुरतेच परता. कढई भरली की नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजतात आणि चिकटतात.

फिश सॉस मिळाला नाही तर मीठ आणि थोडी जास्त सुकट घाला. चव अगदी तीच येणार नाही, पण जवळपास जाते. पाहुण्यांत कोणी हनफी कोळंबी खात नसेल तर चिकनची कढई आधी करा, सुकट घालू नका. म्हणजे एकाच दस्तरखानावर सगळ्यांना निश्चिंत मनाने बिस्मिल्लाह करता येईल.