लैंगिक अल्पसंख्याकांच्या स्वयंसेवी संस्था आणि त्यांचा शेजार

प्रास्ताविक

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभे असलेले उसाचे मळे, कालव्यापलीकडचा जिरायत माळ आणि इंदापूरच्या बाजूला पसरलेला उजनीचा फुगवटा अशी या भागाची ओळख आहे. या तालुक्यांतील माणूस अडचणीत सापडला तर तो कोणाकडे जातो, या प्रश्नापासून आपण या घटकाची सुरुवात करू. भावकी, विकास सोसायटी, साखर कारखाना, दूध संस्था, बचत गट, गल्लीतले तरुण मंडळ ही त्याची आधारस्थाने होत. दुष्काळी वर्षांत येथे संस्थात्मक मदतीची परंपराही निर्माण झाली. बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट 1971 मध्ये स्थापन झाला, तो पाझर तलावांच्या कामाच्या पार्श्वभूमीवर. म्हणजे परस्पर साहाय्य ही या मातीला नवी गोष्ट नाही.

परंतु या साहाय्याची रचना बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सोसायटीचे सभासदत्व सातबाऱ्यावर अवलंबून असते. कारखान्याचा भागधारक होण्यासाठी ऊस लागतो आणि उसासाठी जमीन लागते. शिधापत्रिका कुटुंबाच्या नावाने निघते. बचत गटात प्रवेश मिळतो तो अमक्यांची सून किंवा तमक्यांची सासू म्हणून. या सर्व आधारांचा दरवाजा एकच आहे, आणि तो घराचा दरवाजा आहे. ज्या व्यक्तीला आपल्या लैंगिकतेमुळे किंवा लिंगभावामुळे घराबाहेर काढले जाते, तिच्यासाठी हे सर्व दरवाजे एकाच दिवशी बंद होतात. लैंगिक अल्पसंख्याकांच्या संस्था का निर्माण झाल्या, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका वस्तुस्थितीत आहे.

संज्ञांविषयी थोडेसे

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. समलिंगी आणि समलैंगिक हे शब्द समान अर्थाने वापरले जातात. उभयलिंगी हा शब्द कधी स्त्री व पुरुष या दोहोंविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसाठी, तर कधी जन्मतः दोन्ही लिंगांची शारीरिक लक्षणे असणाऱ्या व्यक्तीसाठी योजला जातो. त्यातून गोंधळ होतो. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांत अंतर असलेल्या व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. तृतीयपंथी हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ आहे. हिजडा, जोगता, जोगप्पा हे शब्द विशिष्ट परंपरांशी निगडित आहेत आणि ते सर्वांना सरसकट लावता येत नाहीत. या सर्वांना एकत्रितपणे एलजीबीटी असे म्हटले जाते.

संस्थांच्या नावांकडे पाहणे भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक ठरेल. मुंबईचा हमसफर ट्रस्ट 1994 मध्ये सुरू झाला. त्यामागे अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या ‘बॉम्बे दोस्त’ या नियतकालिकाची प्रेरणा होती. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. गौरी सावंत यांच्या मुंबईतील संस्थेचे नाव सखी चार चौघी. मित्र, सखी, सहप्रवासी, एकाच वाटेने जाणारा अशा अर्थाची ही नावे आहेत. त्यांतून संस्थेचे काम उघडपणे कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा केवळ संकोच नव्हे. अशा संस्थेचे पाकीट घरी आले, किंवा तिचे नाव घरच्यांसमोर उच्चारावे लागले, तरी त्या व्यक्तीचे गुपित तिच्या इच्छेविना फुटू नये, ही सोय अशा नावात आपोआप होते.

याच्या उलट उदाहरण सांगलीत आढळते. 1996 मध्ये तेथे स्थापन झालेल्या संघटनेने स्वतःचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे ठेवले. समाजाने शिवी म्हणून वापरलेला शब्द त्या स्त्रियांनी आपल्या फलकावर लिहिला. एक नाव झाकते, दुसरे उघड करते. कोणते योग्य, हे ज्याला त्याची किंमत मोजावी लागते त्याने ठरवावे.

पुणे : मराठीतून संवाद

समपथिक ट्रस्टचे काम पुरुषांचे लैंगिक आरोग्य, समुपदेशन आणि हेल्पलाइन या क्षेत्रांत उभे राहिले. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. या विषयावरील उपलब्ध साहित्य बहुतांशी इंग्रजीत होते. खिरे यांनी मराठीत लिहिले. ‘पार्टनर’ ही कादंबरी, ‘इंद्रधनु’ हे माहितीपर पुस्तक आणि ‘मनाचिये गुंती’ हे संकलन ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी शेवटच्या पुस्तकात लैंगिक अल्पसंख्याकांच्या आईवडिलांचे व आप्तांचे अनुभव आले आहेत. हा विचार दूरदृष्टीचा होता. ग्रामीण भागातील मुलाला स्वतःविषयी कळले तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण आईला इंग्रजी पुस्तक देता येत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ किंवा सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ या साहित्यकृती आपण ललित साहित्य म्हणून अभ्यासतो. संस्थेने काढलेली पुस्तके मात्र उपयोगासाठी लिहिलेली असतात. त्यांचे मूल्यमापन करताना हा हेतू लक्षात घेणे आवश्यक आहे.

सांगली : एका गटाची संस्था अनेकांची कशी होते

संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच संग्राम, 1992 मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकाराने सांगलीत सुरू झाली. आरंभीचा प्रश्न एचआयव्हीचा होता. वस्तीतील स्त्रियांना बाहेरचा कार्यकर्ता येऊन उपदेश करतो, ही पद्धत संस्थेने सोडून दिली. त्याच स्त्रियांनी एकमेकींपर्यंत निरोध पोहोचवावेत, आजारी मैत्रिणीला रुग्णालयात न्यावे, पोलिसांशी बोलावे, अशी रचना केली. त्यातूनच वर उल्लेखिलेली परिषद उभी राहिली. पुढे देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची आणि पारलिंगी व्यक्तींची ‘मुस्कान’ ही संघटना तयार झाली. एवढ्यावर काम थांबले नाही. ग्रामीण स्त्रियांचा विद्रोही महिला मंच आणि मुस्लीम स्त्रियांसाठीचा ‘नजरिया’ हा गट हेही याच कुटुंबात आले.

हे का घडले? विषाणू वस्तीत थांबत नाही, हे पहिले कारण. वस्तीत येणारा पुरुष गावी परततो आणि गावातील पत्नीला आजाराची कल्पना नसते. म्हणून वस्तीतील स्त्रियांना गावातील स्त्रियांशी बोलणे भाग पडले. दुसरे कारण असे की, रुग्णालयात अपमान न होता उपचार मिळवणे, शिधापत्रिका काढणे, मारहाणीची तक्रार नोंदवणे ही कौशल्ये एकदा हाती आली की शेजारची विधवा, परित्यक्ता किंवा स्थलांतरित मजूरही त्याच दारात येऊन उभा राहतो. आपल्याला ज्या रांगेत हाकलले गेले, त्या रांगेत दुसऱ्याला उभे कसे करावे, हे ज्ञान या संस्थांकडे असते. हेच त्यांचे खरे भांडवल होय.

पैशाचा प्रश्न

बहुसंख्य संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 अन्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या जातात. नोंदणी सोपी, निधी कठीण. अनेक वर्षे या क्षेत्रातील मोठा निधी एचआयव्ही प्रतिबंधासाठी आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना 1992 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या योजनांतून संस्थांना प्रकल्प मिळू लागले. त्याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी प्रकल्प निघाले, परंतु समलिंगी स्त्रिया त्या हिशेबात बसल्या नाहीत. मुंबईत 1995 मध्ये ‘स्त्री संगम’ या नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘लेबिया’ नावाने ओळखला जाणारा गट स्वयंस्फूर्त श्रमावरच चालत राहिला. दुसरा परिणाम आपल्या तालुक्यांशी संबंधित आहे. लक्ष्यगटाची पुरेशी संख्या जेथे एकत्र आढळते तेथे प्रकल्प उभा राहतो. खेड्यातील एकटा मुलगा ‘पुरेशी संख्या’ कधीच होत नाही. किती निरोध वाटले आणि किती तपासण्या झाल्या हे अहवालात लिहिता येते. रात्री अकरा वाजता आलेला एक फोन कोणत्या रकान्यात लिहावा?

निधी नाकारण्याचेही उदाहरण आहे. देहविक्रयाला विरोध असल्याची लेखी प्रतिज्ञा करावी, अशी अट अमेरिकी शासनाच्या मदतीला जोडली गेली तेव्हा संग्रामने 2005 मध्ये ती मदत सोडून दिली. ज्यांच्यासाठी संस्था उभी आहे त्यांच्याविरुद्ध सही कशी करायची, असा हा पेच होता.

कायदा आणि गाव

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःचे लिंग स्वतः निश्चित करण्याचा अधिकार मान्य केला. गौरी सावंत या खटल्यातील एक याचिकाकर्त्या होत्या. 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. 2019 च्या अधिनियमानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रात तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन झाले. 2011 च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ ही नोंद घेण्यात आली. देशात ती संख्या 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 भरली. प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असणार, हे उघड आहे. कारण घरातील नोंद बहुधा कुटुंबप्रमुख सांगेल तशी होते. पुन्हा तोच घराचा दरवाजा.

इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून नीरा वाहते. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका आहे. त्या तालुक्यातील तरंगफळ या गावी 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराची थेट जनतेतून सरपंचपदी निवड झाली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढण्याची मुभा दिली आणि जानेवारी 2021 मध्ये त्या निवडून आल्या. गाव म्हणजे केवळ तिरस्कार, हा शहरी समज अशा उदाहरणांपुढे टिकत नाही. मात्र मतदान गुप्त असते आणि पंगतीत बसवणे उघड असते, हेही विसरून चालणार नाही.

दरवर्षी आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम व विसावे घेत इंदापुरात येते आणि सराटीनंतर नीरा ओलांडते. त्या दिवसांत या वाटेवरची घरे वारकऱ्याला भाकरी वाढताना त्याची जात, नाव किंवा तो कोणाबरोबर राहतो हे विचारत नाहीत. अन्नदानाची ही सवय या भागात आधीपासून आहे. संस्थांना येथे काम सुरू करायचे झाल्यास शहरातील कार्यालयाची प्रतिकृती उभारण्यापेक्षा आशा कार्यकर्ती, ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशक, महाविद्यालयातील एखादा विश्वासू प्राध्यापक आणि ग्रंथालयातील दोन पुस्तके यांपासून आरंभ करणे अधिक व्यवहार्य ठरेल. पुण्याला जाण्यासाठी इंदापूरहून सकाळी निघालेला मुलगा घरी काय कारण सांगून निघाला आहे, हे त्याच्या शेजारी एसटीत बसलेल्या माणसाला ठाऊक नसते.

स्वाध्याय

1. संस्थेचे नाव हे तिच्या कार्यपद्धतीचा भाग असते, या विधानाची दोन परस्परविरोधी उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.

2. आपल्या गावातील कोणत्याही एका साहाय्यकारी संस्थेचे सभासदत्व कशावर आधारलेले आहे ते पाहा. घराबाहेर पडलेल्या व्यक्तीला तिचा लाभ मिळू शकेल काय, यावर सुमारे 200 शब्दांत लिहा. हे लेखन करताना कोणत्याही परिचित व्यक्तीचे नाव, गल्ली किंवा ओळख पटेल असा तपशील देऊ नये.