दहा रुपयांचा चोकोबार आणि आपली नागलीची कुल्फी



एप्रिलच्या बैठकीतली गोष्ट. दुपारची वेळ, मंदिराच्या सभामंडपात गट बसलेला. सचिव ताई नावं घेत होत्या, प्रत्येकजण आपली २०० रुपयांची बचत पुढं ठेवत होती. तेवढ्यात बाहेर आइस्क्रीमवाल्या गाडीचा भोंगा वाजला. झालं! शाळेला सुट्टी, पोरं सगळी मागंच खेळत होती. एकेक येऊन आईच्या पदराला लोंबकळायला लागलं. "दहा रुपये दे ना, चोकोबार घ्यायचाय." बैठक थांबली. सगळ्यांचे बटवे उघडले.

गाडी गेल्यावर एका ताईंनी सहज विचारलं, "ही गाडी रोज येती. मंग महिन्याचे किती झाले?" आम्ही तिथंच हिशोब मांडला. एका मुलाचे रोजचे १० रुपये म्हणजे महिन्याचे ३००. दोन मुलं असतील तर ६००. आणि आपली बचत २००! बचतीच्या तिप्पट पैसा गाडीवाल्याकडं. मंडपात एकदम शांतता झाली.

मुलांना थंड आणि गोड खावंसं वाटणारच, उन्हाळा आहे. त्यांना नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. मग घरीच काही करता येईल का, असा विषय निघाला. त्यातून गेले काही आठवडे आम्ही नागलीची चॉकलेट कुल्फी करून बघतोय. दोनदा बिघडली, मग जमली. ती कशी करायची, कुठं चुकतं आणि विकायची झाली तर काय बघायचं, ते या लेखात सांगते.

आधी पाकीट उलटं करून वाचा

विकतच्या पाकिटावर मागं घटक पदार्थ छापलेले असतात. जे सर्वात जास्त घातलेलं असतं ते आधी लिहितात, मग उतरत्या क्रमानं बाकीचं. आमच्या बैठकीत पोरांनी टाकलेली तीन-चार पाकिटं आम्ही गोळा करून वाचली. काहींवर 'आइस्क्रीम' असा शब्दच नव्हता, 'फ्रोजन डेझर्ट' लिहिलं होतं. यातला फरक साधा आहे. आइस्क्रीममधला स्निग्ध भाग दुधाचा असतो. फ्रोजन डेझर्टमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेल वापरलेलं असतं. वरच्या चॉकलेटच्या कवचातही बऱ्याचदा तेल, साखर आणि थोडी कोको पावडर असते. ही फसवणूक नव्हे, कारण पाकिटावर ते लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही इतकंच.

जास्त काळजी त्या रंगीत नळीतल्या बर्फाची आहे. त्यावर काहीच छापलेलं नसतं. पाणी कुठलं, रंग कुठला, काही कळत नाही. आणि एक लक्षात ठेवा, गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, ते नुसते झोपून राहतात. पाणी खराब असेल तर बर्फही खराबच.

आपल्याकडं काय आहे?

अकोले, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या सगळ्या डोंगरपट्ट्यात नागली पिकते. कोणी तिला नाचणी म्हणतं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. नागलीतलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण मोड काढून वाळवून दळली तर जास्त लागतं. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, केळ्यात गोडवा आहे. बाहेरून आणायची ती फक्त कोको पावडर. कोकोची झाडं आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत लावतात. तिथं नारळ-सुपारीच्या सावलीत हे पीक घेतात.

दुकानात मागताना 'बिनसाखरेची कोको पावडर' असं म्हणा. 'ड्रिंकिंग चॉकलेट'चा डबा वेगळा, त्यात बरीचशी साखरच असते.

साहित्य (साधारण १६ कुल्फ्या)

- गाईचं दूध १ लिटर
- नागलीचं पीठ ४ पोह्याचे चमचे (साधारण ४० ग्रॅम)
- कोको पावडर ३ पोह्याचे चमचे (साधारण २० ग्रॅम)
- गूळ १०० ग्रॅम
- चांगली पिकलेली केळी २
- भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट अर्धी वाटी
- वेलची पूड, चिमूटभर मीठ

कृती

१. नागलीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडंच भाजून घ्या. कच्चं राहिलं तर कुल्फीला पिठूळ चव येते.

२. एक कप थंड दूध बाजूला काढा. त्यात पीठ आणि कोको कालवून गुठळ्या मोडा. कोको गरम दुधात एकदम टाकला तर गोळे होतात आणि मोडता मोडत नाहीत.

३. उरलेलं दूध उकळा, दहा मिनिटं मंद आचेवर आटवा. मग कालवलेलं पीठ ओतून सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. पळीला मिश्रण चिकटून राहिलं की उतरवा.

४. गूळ अर्धी वाटी पाण्यात उकळून गाळून घ्या. गुळात कचरा, खडे असतातच. हे पाणी आणि दूध दोन्ही कोमट होऊ द्या, मगच एकत्र करा.

५. केळी कुस्करून, शेंगदाण्याचा कूट, वेलची आणि मीठ घाला. मिक्सर असेल तर फिरवा, नसेल तर रवीनं घुसळा. मीठ चिमूटभरच घाला, त्यानं चॉकलेटची चव उठून येते.

६. लहान स्टीलच्या पेल्यांत किंवा साच्यांत भरा. वर बोटभर जागा ठेवा, कारण गोठताना मिश्रण फुगतं. तासाभरानं घट्ट व्हायला लागलं की काड्या खोचा आणि झाका. आठ तास ठेवा. काढताना पेला दोन्ही हातांत धरून चोळा, कुल्फी सुटते.

चवीबद्दल एक सांगते. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून विकतच्या आइस्क्रीममध्ये साखर भरपूर घालतात. पण साखर नुसती गोडीसाठी नसते, तिच्यामुळं पदार्थ दगडासारखा गोठत नाही. आपण गूळ कमी घातला तर कुल्फी बर्फासारखी कडक व्हायला हवी. ती होत नाही, कारण नागलीचं शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं आणि केळ्यानं मऊपणा येतो. म्हणून पीठ नीट शिजवणं हीच यातली मुख्य गोष्ट.

दूध महाग वाटत असेल तर आणखी सोपा प्रकार आहे. पिकलेल्या केळ्याचे तीन तुकडे करा, काडी खोचा. शेंगदाण्याचा कूट, कोको आणि थोडा गुळाचा पाक एकत्र करून त्यात ते घोळवा आणि गोठवा. लहान मुलं हे हातोहात संपवतात.

आमचं कुठं चुकलं

पहिल्या वेळी मी स्वतः उकळत्या दुधात गूळ टाकला. डोळ्यांदेखत एक लिटर दूध फाटलं. शेजारच्या आजी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, गुळाच्या चहात दूध कवा घालत्यात ते इसरलीस व्हय?" समाजकार्याची पदवी घेतली, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं!

दुसऱ्या वेळी कुल्फी छान झाली, पण रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. अर्धवट वितळून पुन्हा गोठली. खाताना कचकच बर्फ लागला. चवीचं जाऊ द्या, पण तासन् तास कोमट राहिलेलं दूध पुन्हा गोठवून मुलांना देणं धोक्याचं. आम्ही ती टाकून दिली. जीव हळहळला, पण जुलाब झाले असते तर दवाखान्याचा खर्च दुधापेक्षा मोठा होता. म्हणून भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच लावा आणि मधे फ्रीज उघडू नका.

फ्रीज नसेल तरी जमतं. मटका कुल्फीवाले पूर्वीपासून बर्फात जाडं मीठ घालून त्यात साचे पुरतात. मिठामुळं बर्फ आणखी थंड होतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, वरून गोणपाट. मात्र कारखान्यातला लादीचा बर्फ खाण्यासाठी नसतो. साच्याचं झाकण घट्ट हवं, आत थेंबही जाता कामा नये. साचा उघडण्याआधी बाहेरून धुवून पुसून घ्या.

'पौष्टिक' म्हणजे कितीही नाही

गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून लोक हात सैल सोडतात. शरीराला गूळ ही साखरच आहे. आपल्या मापात एका कुल्फीत साधारण सहा ग्रॅम गूळ येतो, म्हणजे चहाचा सव्वा चमचा. तो वाढवू नका. मधुमेह असलेल्यांनी गुळाची आहे म्हणून निर्धास्त खाऊ नये. शिवाय:

- दोन वर्षांखालच्या बाळांना ही कुल्फी नको.
- लहान मुलांसाठी कूट अगदी बारीक करा, अख्खा दाणा घशात अडकू शकतो.
- शाळेत मुलींना लोहाची निळी गोळी मिळते, गरोदर ताईंना लाल. दूध आणि कोको दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. गोळी आणि कुल्फी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. चहालाही हाच नियम!
- रोज नको. आठवड्यातून दोनदा पुरे.

आता हिशोब

आमच्या बाजारातल्या भावानं एका वेळचा खर्च असा आला: दूध ५०, कोको २५, गॅस १०, केळी ८, शेंगदाणे ७, गूळ ६, काड्या ६, नागली २, वेलची-मीठ २. एकूण ११६ रुपये, म्हणजे एक कुल्फी सव्वासात रुपयांना. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

घरच्यासाठी हे परवडतं. दोन मुलांना आठवड्यातून दोनदा दिली तर महिन्याला १६ कुल्फ्या, म्हणजे ११६ रुपये. कुठं ६०० आणि कुठं ११६! फक्त सगळी एकदम करून महिनाभर ठेवू नका, अर्ध्या लिटरच्या मापानं दोनदा करा.

विक्रीचं मात्र वेगळं आहे. दोन ताईंनी लगेच विचारलं, "डीप फ्रीजरसाठी गटातून कर्ज मिळंल का?" मला उत्साहाचा आनंद झाला, पण मी थांबा म्हटलं. १० रुपयांना विकली तर १६ कुल्फ्यांमागं ४४ रुपये उरतात. त्यातून वीज जाते, दोन वितळतात, एक मोडते आणि तुमच्या दोन-अडीच तासांची मजुरी तर धरलेलीच नाही. वर कर्जाचा हप्ता आला तर स्वतःच्या कष्टावर दुसऱ्यांच्या पोरांना कुल्फी खाऊ घातल्यासारखं होईल. पावसाळ्यात मागणी पडते तेव्हाही हप्ता थांबत नाही.

म्हणून आधी चार आठवडे घरच्या फ्रीजवर करून बघा. वहीत रोज लिहा: किती केल्या, किती विकल्या, किती वाया गेल्या. १५ रुपयांना गिऱ्हाईक घेतं का ते बघा. यात्रा, आठवडे बाजार, शाळेचं स्नेहसंमेलन अशा ठिकाणी चालते का ते बघा. वही जे सांगेल त्यावर कर्जाचं ठरवू.

विकायची म्हटलं की अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, घरातून विकली तरी. छोट्या व्यवसायासाठी नोंदणीचा सोपा प्रकार आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. आइस्क्रीम, कुल्फी या नावांसाठी दुधातल्या स्निग्ध भागाची मापं ठरलेली आहेत, तेव्हा पाकिटावर नाव काय टाकायचं तेही अर्जाच्या वेळीच विचारून घ्या. कागद भरायला मी आहेच.

गेल्या बैठकीत पुन्हा भोंगा वाजला. पोरं पळाली, पण निम्मीच. बाकीची मंडपात बसून काळ्या-तपकिरी तोंडानं कुल्फी चाटत होती. एका चिमुरडीनं मला विचारलं, "ताई, यात खरंच नागली हाय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग भाकरी अशी का न्हाय लागत?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमच्याकडं असेल तर पुढच्या बैठकीत सांगा. आणि येताना तुमच्या हातची एक कुल्फी आणा, सोबत खर्चाची वहीपण.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक