परक्या मैदानावरचा प्रेक्षक आरोपी कसा ठरतो?

माझा भाचा काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे गेल्यावर त्याला फुटबॉलचे वेड लागले. लिव्हरपूल हा त्याचा संघ. हा संघ दुसऱ्या गावी खेळायला निघाला की तिकीट मिळेल तेव्हा हाही रेल्वेने मागोमाग जातो. मी त्याला सहज विचारले, परक्यांच्या मैदानावर तुम्ही बसता तरी कुठे? तो म्हणाला, "मामा, आमचा दरवाजा वेगळा, आमचा कोपरा वेगळा, झडतीही आमची जास्त. मॅच संपल्यावर कधी कधी यजमानांचे लोक पांगेपर्यंत आम्हाला आतच थांबवून ठेवतात."

वेगळा दरवाजा म्हटल्यावर माझे कान टवकारले. आपल्या माणसाचे ते टवकारणारच. पण इथे तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा. भाचा अंगातला लाल शर्ट काढून पिशवीत कोंबतो तेव्हा त्याचे परकेपण संपते. सगळ्यांचे परकेपण असे उतरवून ठेवता येत नाही. तरीही त्याच्या त्या एका वाक्याने मला एका जुन्या खटल्याकडे नेले, आणि वकील म्हणून तो मला कित्येक रात्री पुरला.

आधी रीत सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तीन हजार, किंवा मैदान लहान असेल तर क्षमतेच्या एक दशांश जागा द्याव्या लागतात. २०१६-१७ च्या हंगामापासून या तिकिटाची कमाल किंमत तीस पौंड ठरवली आहे. ती कोणी उदार होऊन दिलेली नाही, पाठीराख्यांनी चळवळ करून मिळवलेली आहे. चाळीस-पन्नास हजार विरोधकांत हे तीन हजार लोक उभे राहून नव्वद मिनिटे घसा फोडतात, आणि टीव्हीवर आपण जो माहोल पाहतो त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. भाचा म्हणतो, घरच्या मैदानापेक्षा खरी मजा परक्या मैदानावर.

मग हा पाहुणा संशयित का? त्याला कारणे आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे इटालियन प्रेक्षकांवर धावून गेले. पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. बहुतेक इटालियन होती. गुन्हा झाला होता, आणि पुढे काहींना शिक्षाही झाल्या. पण काहींच्या गुन्ह्याचा शिक्का सगळ्यांच्या कपाळावर मारला गेला. मैदानांवर आधीपासूनच लोखंडी कुंपणे होती, आता फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे आवरायचे जनावर ही पोलिसी समजूत आणखी पक्की झाली. १९८९ च्या एका कायद्याने तर प्रेक्षकांना ओळखपत्राची सक्ती करण्याची तयारी झाली होती.

त्याच वर्षी, १५ एप्रिलला, शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान तिसऱ्याच संघाचे, म्हणजे दोन्हीकडचे प्रेक्षक पाहुणेच. लिव्हरपूलच्या उभ्याने पाहणाऱ्या दहा हजारांहून अधिक प्रेक्षकांना आत जायला एकाच बाजूची सात अरुंद फिरती फाटके होती. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली तेव्हा बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफिल्ड यांनी बाहेर पडण्याचे मोठे फाटक उघडण्याचा हुकूम दिला. ते उघडले, पण समोरचा बोगदा कोणी बंद केला नाही. तो बोगदा थेट मधल्या दोन पिंजऱ्यांत जात होता, आणि ते आधीच भरलेले होते. बाजूचे पिंजरे मोकळे होते. समोर कुंपण, बाजूला कुंपण, मागून लोंढा. माणसे उभ्या उभ्या गुदमरली. कुंपणावर चढून जीव वाचवू पाहणाऱ्यांना पोलिसांनी सुरुवातीला मैदानावर घुसखोरी करणारे समजून मागे लोटले. एकूण ९७ जण दगावले. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. शेवटचा जखमी २०२१ मध्ये गेला.

आता खरी गोष्ट सुरू होते. माणसे मरत असतानाच डकेनफिल्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले की, प्रेक्षकांनी फाटक फोडले. ही थाप होती, हे त्यांनी स्वतः २०१५ मध्ये शपथेवर कबूल केले. मधली सव्वीस वर्षे काय झाले? मृतांच्या रक्तात दारू शोधली गेली, मुलांच्यासुद्धा. ज्यांच्या रक्तात ती सापडली त्यांच्यावर पूर्वीचा गुन्हा आहे काय, हे पोलिसांच्या संगणकावर तपासले गेले. घटनेनंतर चौथ्याच दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले की, पाठीराख्यांनी प्रेतांचे खिसे कापले. लिव्हरपूल शहरात आजही अनेक जण या पत्राला हात लावत नाहीत.

न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच आपल्या अंतरिम अहवालात लिहिले होते की, मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे आहे. ओळखपत्राच्या योजनेलाही त्यांनी विरोध केला आणि ती बारगळली. तरी १९९१ मध्ये कॉरोनरसमोर निकाल लागला तो 'अपघाती मृत्यू' असा. कॉरोनरने सव्वातीननंतरचा पुरावा ऐकायलाच नकार दिला होता, कारण तोवर सगळ्यांचा जीव वाचण्यापलीकडे गेला होता असे त्याने गृहीत धरले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघडली तेव्हा दिसले की, ४१ जण कदाचित वाचू शकले असते, आणि १६४ पोलिसांच्या जबाबांत फेरफार झाले होते. त्यातल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर उडवलेला होता. जुना निकाल रद्द झाला. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीने ठरवले की, हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध होते आणि प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता.

मग शिक्षा किती जणांना झाली? डकेनफिल्ड २०१९ मध्ये निर्दोष सुटले. मैदानाच्या क्लबच्या तत्कालीन सचिवाला फाटकांची पुरेशी सोय न केल्याबद्दल साडेसहा हजार पौंड दंड झाला, बस्स. जबाब बदलल्याच्या आरोपावरून दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि पोलिसांचा एक वकील यांच्यावरचा खटला २०२१ मध्ये पुढे चाललाच नाही. कारण ऐकून माझ्या बाररूममधले मित्र हसले, मग गप्प झाले. जबाब टेलर यांच्या चौकशीसाठी तयार केले होते आणि ती चौकशी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने न्यायालयीन कामकाज नव्हे, म्हणून त्यात फेरफार करणे हा न्यायदानात अडथळा आणण्याचा गुन्हा होत नाही! आपल्याकडच्या चौकशी आयोगांचा अनुभव असलेल्या कोणाही वकिलाला यात नवल वाटणार नाही.

आणि पाहुण्यांना येऊच दिले नाही तर? इंडोनेशियाने तेही करून पाहिले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मलांगच्या कांजुरुहान मैदानावर पर्सेबायाच्या पाठीराख्यांना बंदी होती. यजमान अरेमा संघ हरला, त्याचेच प्रेक्षक मैदानात उतरले आणि पोलिसांनी भरलेल्या सज्जांवर अश्रुधूर सोडला. फिफाचा नियम मैदानात असा वायू वापरू नये असे सांगतो. १३५ माणसे मेली. मैदानात परका प्रेक्षक एकही नव्हता.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत एक विधेयक मांडले गेले, लोक त्याला हिल्सबरो कायदा म्हणतात. सरकारी अधिकाऱ्याने चौकशीत खरे सांगणे बंधनकारक, जनतेची दिशाभूल करणे गुन्हा, अशी त्याची कलमे आहेत. त्यात आणखी एक कलम आहे, ते मी दोनदा वाचले. पहिल्या चौकशीच्या वेळी अनेक कुटुंबांनी घराघरातून पैसे गोळा करून मिळून एक वकील उभा केला होता, समोर पोलिसांचे वकील सरकारी खर्चाने. नव्या विधेयकात, सरकारी यंत्रणा समोर असेल अशा मृत्यू-चौकशीत मृताच्या कुटुंबाला विनाखर्च वकील देण्याची तरतूद आहे.