तेलावर तरंगणारं इंजिन

गाडी हायवेला लागली आणि काटा ३००० आरपीएमवर स्थिरावला, की इंजिनातला क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेत असतो. इंजिन चार सिलिंडरचं असेल, तर तेवढ्याच एका सेकंदात आत शंभर वेळा इंधन पेटतं. गाडी घाट चढताना जोर लावत असेल, तेव्हा अशा प्रत्येक भडक्याला सात सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर जवळजवळ दोन टनांचा भार पडतो. छोट्या हॅचबॅकचं वजन एक टनाच्या आतबाहेर असतं. म्हणजे अशा दोन गाड्या एका पिस्टनच्या माथ्यावर आदळतात, उचलल्या जातात, पुन्हा आदळतात, आणि हे सेकंदाला २५ वेळा चालतं. आपण त्या वेळी खिडकीतून रस्त्याकडेला करवंदं विकणाऱ्या बायका बघत असतो.

हा सगळा भार पिस्टनकडून कनेक्टिंग रॉडकडे आणि तिथून क्रँककडे जातो. क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगमध्ये मोटारीच्या इंजिनात सहसा छर्रे नसतात. तिथे मऊ धातूचा थर दिलेल्या, अर्धवर्तुळात वळवलेल्या दोन गुळगुळीत पट्ट्या असतात. आणि खरं नवल पुढेच आहे. इंजिन चालू असताना क्रँक त्या पट्ट्यांनाही टेकत नाही. दोन धातूंच्या मधे तेलाचा पापुद्रा असतो. भार सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉनवर येते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. केसाच्या पस्तिसाव्या ते सत्तराव्या भागाएवढ्या तेलावर दोन टन तोलले जातात, आणि तरीही धातूला धातू लागत नाही.

हे कळलं तेही एका भोकातून. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या डब्यांच्या आसांवर प्रयोग करत होते. आसावर पितळी बेअरिंग, खाली तेल, आणि घर्षण किती होतं त्याचं मोजमाप, असा साधा मामला होता. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला भोक पाडलं, तर आस फिरू लागल्यावर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघून आली. मग तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि काटा २०० च्या पुढे गेला. पेट्रोल पंपावर आपण टायरमध्ये तीस-बत्तीस ‘हवा’ भरतो, ती याच मापात. म्हणजे टायरमधल्या हवेच्या सहापट दाब त्या तेलात आपोआप तयार झाला होता. कुठलाही पंप तो दाब देत नव्हता.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरचे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी एका समीकरणातून त्याची उकल केली. तेल चिकट असतं, त्यामुळे फिरणाऱ्या दांड्याला ते धरून राहतं आणि त्याच्याबरोबर ओढलं जातं. दांडा बेअरिंगच्या बरोबर मधोमध नसतो, भारामुळे एका बाजूला किंचित सरकलेला असतो. त्यामुळे एका बाजूची फट निमुळती होत जाते. त्या निमुळत्या फटीत तेल पाचरीसारखं ओढलं जातं, मागून आणखी येत राहतं, आणि तेल दाबून लहान होत नाही. संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढताना असंच होतं. मागची गर्दी अरुंद दारात रेटत राहते, आणि आपण पाय न उचलताच वर उचलले जातो. तेलाच्या या रेट्यावर दांडा उचलला जातो. तुमच्या गाडीतला ऑइल पंप फक्त तेल तिथवर पोचवतो. भार पेलणारा दाब पंपाच्या दाबाच्या कित्येक पट असतो आणि तो क्रँकच्या फिरण्यातूनच जन्मतो. जी गती धातू झिजवायला निघाली, तीच त्याला वाचवते. निसर्गाच्या नियमांमध्ये इतकी सुंदर सोय मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

समीकरण उशिरा आलं, व्यवहार आधीपासून होता. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच असे. कॅस्ट्रॉल या तेलाच्या नावातही एरंडेलाचं इंग्रजी नाव, कॅस्टर ऑइल, आहे.

असाच रेटा रस्त्यावर मात्र आपल्या जिवावर उठतो. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर पाणी साचलेलं असतं. वेगात धावणाऱ्या टायरपुढे पाण्याची तशीच पाचर तयार होते आणि टायर रस्त्यापासून सुटतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. टायरवरच्या खाचा पाण्याला वाट देण्यासाठीच असतात. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. पण मुसळधार पावसात त्याच्या बऱ्याच आधी धोका सुरू होतो. पावसाळ्यापूर्वी टायर पाहून घ्या आणि पाण्यात वेग कमी ठेवा. 

पुन्हा इंजिनाकडे. पाचर तयार व्हायला गती लागते. गाडी रात्रभर उभी राहिली की बहुतेक तेल निथळून खालच्या चेंबरमध्ये जमतं. सकाळी किल्ली फिरवली की पहिले काही क्षण धातू उरल्यासुरल्या ओलाव्यावर चालतो. त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवणं हा इंजिनाचा छळ आहे. डॅशबोर्डवरचा लाल तेलबुधलीचा दिवा विझू द्या आणि पहिले एक-दोन किलोमीटर हलक्या पायानं चालवा. उभ्या गाडीत पाच-दहा मिनिटं इंजिन तापवत बसायची मात्र गरज नाही.

काही ठिकाणी पाचर पुरेशी बनतच नाही. कॅम व्हॉल्व्हला ढकलतो तिथे, आणि पिस्टन वर टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तिथे. तिथे रसायनशास्त्र धावून येतं. तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक संयुग घातलेलं असतं, झेडडीडीपी त्याचं नाव. जिथे घासलं जातं आणि तापतं, नेमकं तिथेच ते विघटित होतं आणि धातूवर काचेसारखा थर चढवतं. त्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी असते. धातूच्या ऐवजी हा थर झिजतो, आणि तेलातून नवा थर चढतो. जिथे जखम होऊ घातली आहे तिथेच पट्टी बांधली जाते, तीही कोणी न सांगता. पण ती पट्टी तेलातल्या साठ्यातून येते. साठा संपला की पट्टीही संपली.

सर्व्हिसिंगच्या बिलातली ऑइलची रक्कम पाहून पुष्कळांना वाटतं, की तेल तर चेंबरभर आहे, मग ओतून का टाकायचं? तेल फारसं संपत नाही हे खरं, पण त्यात घातलेले हे रेणू लढाईतल्या शिपायांसारखे कामी येतात. काजळी आणि कचरा धरून ठेवणारे रेणू भरत जातात, आम्ल मारणारे खर्ची पडतात. तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू असतात. त्यांच्यामुळेच डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असा दुहेरी आकडा शोभतो. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. पिस्टनच्या आणि बेअरिंगच्या कचाट्यात त्या साखळ्या तुटत जातात.

थोडा हिशेब करू. दहा हजार किलोमीटर, ताशी सरासरी ३० चा वेग आणि मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले, तर क्रँक चार कोटी वेळा फिरतो. तीन-साडेतीन लिटर तेलानं हे सगळं पेललेलं असतं. आणि किलोमीटरचा आकडा सगळं सांगतही नाही. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तासभर उभ्या गाडीचं इंजिन ८०० आरपीएमनं ४८ हजार फेरे मारतं, पण किलोमीटर एकही वाढत नाही. रोज दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून परतणाऱ्या गाडीचं तर आणखी वाईट. इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेली वाफ आणि थोडं पेट्रोल तेलात मुरतं. म्हणून कमी चाललेल्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदलायला सांगतात. धूळ, गर्दी आणि छोट्या फेऱ्या असतील तर मॅन्युअलमध्ये त्याहून कमी मुदत दिलेली असते. आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्या त्याच वर्गात बसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगावरून मात्र निकाल देऊ नका. तेल काळं झालं म्हणजे काजळी धातूवर बसायच्या ऐवजी तेलात तरंगते आहे, म्हणजे तेल आपलं काम करतं आहे. डिझेल गाडीत तर ते फार लवकर काळं होतं. दुधाळ चहाच्या रंगाचं तेल दिसलं, तर मात्र काळजी करा. त्यात कूलंटचं पाणी शिरलं असण्याची शक्यता असते, बऱ्याचदा हेड गॅस्केट गेल्यामुळे. तेल खुणेच्या वर भरणंही घातक आहे. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि हवेचे बुडबुडे आलेल्या तेलात पाचर टिकत नाही.

आणि तो लाल दिवा. तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. पिवळ्या इंजिनच्या दिव्यावर गाडी सहसा हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते, लाल बुधलीवर नाही. दगडावर आपटून चेंबर फुटला आणि दिवा लागला, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंग मागवा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून हाकत नेलेल्या गाडीत पापुद्रा नाहीसा होतो, बेअरिंग क्रँकला चिकटतं आणि इंजिन सीझ होतं. मग इंजिन पुन्हा बांधायचा खर्च येतो.

म्हणून या रविवारी एवढं करा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. बॉनेट उघडून डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मधे हवं. खालच्या खुणेपाशी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल थोडं थोडं घाला, आणि महिन्याभरात ते पुन्हा उतरलं तर मेकॅनिकला दाखवा. ऑइल बदलताना फिल्टरही बदलून घ्या. निघालेलं तेल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू देऊ नका, तो घातक कचरा आहे. जुनं तेल गोळा करणाऱ्याकडेच ते जाईल असं गॅरेज निवडा.