म्हणे, कुत्र्याला विष कळतं

‘अहो, मुक्या जनावराला बरोबर कळतं काय खायचं आणि काय नाही ते.’ कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही घरातल्या कुंड्यांबद्दल सावध करायला जावं, तर ठरलेलं उत्तर हेच. वर पुरावाही तयार असतो : पोट बिघडलं की तो गवत खातो, म्हणजे त्याला औषधसुद्धा कळतं.

आधी या गवताचंच बघू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या दीड हजारांवर मालकांना याबद्दल विचारलं आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडपाला खाण्याआधी कुत्रा बऱ्याचदा आजारी दिसतो, असं सांगणारे शंभरात जेमतेम ८ निघाले. खाल्ल्यावर नेहमी उलटी होते म्हणणारे २२. बाकीची बहुतेक कुत्री चांगली धडधाकट असताना चरत होती. औषधोपचार वगैरे काही नाही. हिरवं दिसलं की चावून बघायचं, एवढंच.

आणि ओळखायचं म्हटलं तरी ओळखणार कसं? आपल्या दिवाणखान्यातला मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरिया बेटावरचा, डायफेनबेकिया अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतला, सायकस दक्षिण जपानकडचा. नर्सरीवाल्याने टेम्पोतून आणून दिलेल्या या पाहुण्यांची माहिती कुत्र्याच्या कुठल्या पूर्वजाने त्याच्या रक्तात भरून ठेवली असेल?

यावर कुणी म्हणेल, एकदा तोंड पोळलं की शिकेल. मनी प्लांट, डायफेनबेकिया, पीस लिली यांच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे. ही सगळी अळूच्या कुळातली झाडं. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते तोंडात घुसतात आणि लगेच आग होते, लाळ गळू लागते. नीट न शिजलेल्या अळूच्या फतफत्याने घसा खवखवतो, त्याचीच ही जहाल आवृत्ती. एका चाव्यात कुत्रा पान टाकून देतो, त्यामुळे जिवावर बेतण्याची वेळ सहसा येत नाही.

सायकस मात्र तोंड पोळत नाही. खरा घात तिथे आहे. अननसासारखं खवलेदार बुटकं खोड, वर ताठ टोकदार पानांचा झुबका. सोसायटीच्या फाटकाशी आणि हल्ली टीपॉयवरच्या छोट्या कुंडीतही हे झाड दिसतं. लोक त्याला सागो पाम म्हणतात. पामशी त्याचं काही नातं नाही. पान, खोड, मूळ सगळं विषारी, आणि मादी झाडाला येणाऱ्या नारिंगी-लाल बिया सर्वांत जास्त. मोठ्या कुत्र्यालाही एक-दोन बिया पुरतात. त्यातलं सायकॅसिन यकृत निकामी करतं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, कधी त्या थांबतातही, आणि ‘बघा, बाहेर पडलं सगळं’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन दिवसांनी डोळे-हिरड्या पिवळ्या पडू लागतात. तोवर यकृताचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. अमेरिकेत अशा ६० कुत्र्यांच्या नोंदी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतली जवळपास एक तृतीयांश दगावली. या विषावर उतारा नाही. एवढं सगळं कळणारं जनावर त्या बिया चवीने खातं, हेही पशुवैद्यांनी नोंदवून ठेवलं आहे!

बाकीचे समज झटपट उरकू. ‘कोरफड तर औषधी’ : गर फारसा त्रास देत नाही, पण सालीखालच्या पिवळ्या चिकाने उलट्या-जुलाब होतात. ‘कण्हेर देवाला वाहतो, तिचं काय एवढं?’ : तिचं विष थेट हृदयावर जातं आणि वाळल्या पानांतही टिकतं. ‘लाल पानांचं पॉइन्सेटिया भयंकर’ : उगाच बदनाम, फार तर पोट बिघडेल. ‘सेंद्रिय खत निर्धोक’ : एरंडीच्या पेंडीत रिसिन राहिलेलं असू शकतं, आणि कुत्री ती पेंड आवडीने खातात. ‘कुंडी उंच ठेवली की झालं’ : गळलेलं पान खालीच पडतं.

सगळ्यांत संताप येतो तो घरगुती उपायांचा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच कुत्रा मरू शकतो. दूध-तुपाने सायकस किंवा कण्हेरीचं विष उतरत नाही. काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा आणि जाताना झाडाची फांदी किंवा फोटो सोबत न्या. किती खाल्लं आणि किती वाजता, हेही सांगता यायला हवं.

घर उजाड ठेवायची गरज नाही. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न ही झाडं कुत्र्यांना विषारी नाहीत. ती खुशाल ठेवा. पण घरात कुत्रा असेल तर सायकस आजच बाहेर काढा, आणि देऊन टाकणार असाल तर ज्याच्या घरी कुत्रा नाही अशालाच द्या.