न चालणाऱ्या पायाची टाच

बाळंतविडा म्हटला की लोकांना आधी लोकरीचं ब्लँकेट आठवतं. मला आठवतो पायमोजा. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, घोट्याशी घट्ट आणि टाचेपाशी बरोब्बर वळलेला. ब्लँकेट काय, कुणीही विणतं. लोकर आणि टीव्हीवरच्या मालिका पुरल्या की झालं. विणणारीची परीक्षा मोज्यात. गेली पस्तीस वर्षं हे मी भेटेल त्याला ऐकवते आहे. आता संपादकांनी पानं देऊ केलीत, तेव्हा सुटका तुमचीही नाही.

मोजा मला शिकवला नाशिकच्या काकूने. जन्माआधी बाळासाठी नवीन काही आणायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. पण विणकाम बारा दिवसांत कसं उरकणार? म्हणून काकूची पिशवी तांदळाच्या डब्यामागे असायची. कुणी विचारलंच तर, "माझं मफलर आहे." पिवळंधमक, चार बोटं रुंद मफलर! सासूबाईंना सगळं कळायचं आणि त्या तिथून निघून जायच्या. रंग पिवळा, पांढरा नाहीतर पिस्ता. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि देशाने 1994 मध्ये कायद्याने बंधन आणलं; काकूच्या पिशवीत तो कायदा आधीपासूनच होता.

तर टाच. विणकाम म्हणजे सपाट पट्टी किंवा सरळ नळी. पायाला मात्र मध्येच वळण. काकूचा हिशेब असा: चार सुयांवर 32 टाके, एक सुलट एक उलट अशी बोटभर पट्टी. मग निम्मे 16 टाके बाजूला झोपवायचे आणि उरलेल्या 16 वर 16 ओळींची चौकोनी जीभ विणायची, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून. इथपर्यंत काहीच घडलेलं दिसत नाही. पुढची ओळ मात्र शेवटापर्यंत न्यायचीच नाही. मध्याच्या थोडं पुढे जाऊन दोन टाके एकत्र विणायचे, आणखी एक विणायचा आणि काम उलटं फिरवायचं. पलीकडेही तसंच. दर फेरीला एक-एक टाका पुढे सरकत सहा ओळींत 16 चे 10 टाके होतात, आणि त्या सपाट जिभेला आपोआप वाटी येते. नंतर दोन्ही कडांवरून आठ-आठ टाके उचलले की पाऊल सुरू. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धवट ओळीतून परतायला हातच धजेना. काकू म्हणाली, "अगं, फीर. सुई खाणार नाही तुला."

तान्ह्या बाळाला चालायचं नाही, मग टाच कशाला? बिनटाचेची पिशवी बाळ दोन लाथांत भिरकावून देतं, म्हणून. टाच पायाला धरून ठेवते.

सुयांबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. 8 नंबरची 4 मिलिमीटर, 10 ची सव्वातीन, 12 ची पावणेतीन. बाळाच्या मोज्याला 10 पेक्षा जाड सुई नको. अमेरिकेत याच्या नेमकं उलटं. तिकडच्या माझ्या भाचीने माझी कृती फोनवर लिहून घेतली आणि तिथल्या 10 नंबरवर, म्हणजे 6 मिलिमीटरच्या सुयांवर विणली. त्या मोज्यात तिच्या सासऱ्यांचा चष्मा घरासकट मावला. अजून त्यातच असतो.

आता क्रोशे. तिथे सुई एकच, टोकाला आकडा. साखळी, मुका खांब, खांब एवढ्यावर सगळा संसार. चौकोन जोडून केलेलं ब्लँकेट देखणं होतं खरं, पण खांबांच्या जाळीत बाळाची बोटं अडकतात; शिवाय लहान बाळ झोपलं असताना पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नये, असं डॉक्टर सांगतात. एक क्रोशेकाम मात्र मलाही आवडलं. 2013 मध्ये डेन्मार्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुती धाग्याचे ऑक्टोपस विणायला सुरुवात झाली. बाळ नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरून ठेवतं, नाळेसारखे वाटत असावेत म्हणे. वैद्यकीय पुरावा बेताचाच. पण कल्पना कुणा विणणारीलाच सुचावी अशी!

इतिहास सांगणं कर्तव्य आहे, म्हणून भरभर सांगते. सुयांवरचं विणकाम हजारेक वर्षांपूर्वी इजिप्तच्या आसपास दिसतं, तिथून ते युरोपभर गेलं. क्रोशे एकोणिसाव्या शतकात फोफावलं. आपल्याकडे दोन्ही मिशनरी बायका आणि मडमांबरोबर रुजली. झालं.

पण इजिप्तचं नाव निघालंच आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लहान मुलाचा एक लोकरी मोजा आहे, साधारण इसवी सन 300 मधला, अँटिनूपोलिसच्या उकिरड्यात सापडलेला. फोटो पाहून मी चहा विसरले. आडवे रंगीत पट्टे, अंगठा वेगळा आणि चार बोटं वेगळी. सपातांच्या पट्ट्यासाठी केलेली सोय. 2018 मध्ये खास प्रकाशात फोटो काढून तपासलं, तर रंग सात आणि रंगद्रव्यं फक्त तीन, तिन्ही वनस्पतींची: लाल, निळं, पिवळं. बाकीचे रंग मिसळीचे. काम एकाच सुईचं. धाग्याचा तुकडा प्रत्येक फासातून अख्खा ओढायचा, संपला की दुसरा जोडायचा. त्यामुळे ते उसवत नाही. आपलं मात्र एक टोक ओढलं की सरसर उसवतं, आणि मला ते बरंच वाटतं. काकूने काकांचा स्वेटर उसवून, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून, धुऊन, वजन टांगून सरळ केली होती. त्या लोकरीचे मोजे माझ्या मुलाने घातले.

हिमाचलमधल्या लाहौलच्या मोज्यांना 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी हट्टाने तिथल्या केलाँगला गेले. उन्हात विणत बसलेल्या एका बाईंना टाचेला किती टाके, असं विचारलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि हसल्या. मोजत नव्हत्याच.

लोकर घेताना एक धागा जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि ती विझते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि धुरी असेल, तर वितळून कातडीला चिकटणारं काही बाळाच्या अंगावर नको. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटते, ते निदान आपल्या हातात आहे. आणि मोजा उलटा करून आतली टोकं नीट शिवा. सुटा धागा बोटाभोवती आवळला गेला तर बोलता न येणारं बाळ फक्त रडतं.

म्युझियममधला मोजा एकटाच आहे, डाव्या पायाचा. उजवा कुठे पडला देव जाणे. त्या आईने दोन दिवस तरी शोधला असेल. मी हल्ली बाळंतविड्यात मोजे तीन देते.